बाटलीवर १९६५ लिहिलंय, मग आतली ब्रँडी किती वर्षांची?

लोकलमध्ये रेंज जाते, ऑफिसमध्ये हेडफोन लावता येत नाही, किंवा ऐकण्यापेक्षा वाचायलाच बरं वाटतं, अशा सगळ्यांसाठी हा या आठवड्याच्या भागाचा लिखित अवतार. बोलताना दर दोन वाक्यांनी येणारे माझे "म्हणजे कसंय" काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आधीच सांगून टाकतो, विषय दारूचा आहे. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ आहे. त्याखालच्यांनी आजचा भाग रसायनशास्त्राचा तास समजून वाचा, तेवढा मसाला यात आहे. आणि आज जी दारू आपण बघणार आहोत ती एका वेळी २० मिलिलीटरच्या वर घ्यायची नसतेच. घरात सर्दी झाली की आजी "दोन चमचे ब्रँडी दे रे त्याला" म्हणायची ना, साधारण तेवढीच.

तर गोष्ट अशी. मी कामासाठी चौदा महिने फ्रान्समध्ये तुलूझला होतो. विमानांचं शहर. तिथे मराठी बोलणारे इंजिनिअर इतके आहेत की गणपतीत आरतीला टाळ कमी पडतात. गेल्या वर्षी बाबांना साठ पूर्ण होणार होती. बाबा १९६५चे. मला कुठूनतरी कळलं की तुलूझच्या पश्चिमेला दीड-दोन तासांवर आर्मन्याक नावाची ब्रँडी बनते, आणि तिच्या बाटल्यांवर चक्क साल लिहिलेलं असतं. मनात आलं, बाबांच्या जन्मसालाची बाटली! साठीला यापेक्षा भारी काय असणार?

एका ऑनलाइन लिलावात मला ती मिळाली. लेबलवर मोठ्या अक्षरात १९६५. वर्णनात लिहिलेलं, साठ वर्षांची जुनी. माझ्या महिन्याच्या घरभाड्याच्या अर्ध्याहून जास्त पैसे मोजले आणि बाटली आली. विकणाऱ्याला आभाराचा मेल लिहिताना सहज विचारलं की बाटलीत भरली कधी? उत्तर आलं: १९७८ साली.

मी ते वाचून पुढे गेलो. त्या एका आकड्याचा अर्थ मला तेव्हा कळलाच नव्हता.

वय लाकडात वाढतं

आता जरा नीट समजून घेऊ. ब्रँडी म्हणजे वाइन उकळून, तिची वाफ थंड करून मिळवलेला स्पिरिट. भट्टीतून निघताना तो पाण्यासारखा पारदर्शक असतो. रंग, गोडसर वास, मऊपणा हे सगळं नंतर येतं, ओकच्या पिंपात. लाकडातून व्हॅनिलासारखा वास देणारे पदार्थ आणि टॅनिन उतरतात, लाकडाच्या छिद्रांतून थोडी थोडी हवा आत जाते, ऑक्सिडेशन होतं, आणि त्याच वाटेने थोडा स्पिरिट उडूनही जातो. हे चाळीस वर्षं चालू राहू शकतं.

पण काचेत? काचेत जवळजवळ काहीच होत नाही. बूच घट्ट असेल तर ब्रँडी ज्या दिवशी बाटलीत गेली, त्या दिवशी तिचं वय थांबलं. वाइनचा नियम इथे चालत नाही. वाइन बाटलीत बदलत राहते, ब्रँडी नाही.

म्हणून लेबलवरचं साल, ज्याला तिकडे मिलेझीम म्हणतात, ते फक्त द्राक्षं कधी तोडली तेवढं सांगतं. आमच्या भाषेत सांगायचं तर ती पहिल्या कमिटची तारीख. रिलीज कधी झालं ते वेगळंच. १९६५ची द्राक्षं आणि १९७८ला बाटलीत भरलेली ब्रँडी म्हणजे बारा वर्षांची ब्रँडी. पुढची सत्तेचाळीस वर्षं ती कुणाच्यातरी कपाटात नुसती उभी होती. विकणारा खोटं बोलला असं म्हणता येत नाही, बाटली साठ वर्षांपूर्वीच्या द्राक्षांची होतीच. माझ्या तोंडून योग्य प्रश्न पैसे दिल्यावर निघाला, एवढंच.

आर्मन्याकमध्ये नियम असा आहे की साल लिहायचं असेल तर ती किमान दहा वर्षं लाकडात हवी. म्हणजे साल लिहिलेली बाटली दहा वर्षांची आहे एवढी खात्री. त्यापुढे किती, ते कळायला बाटलीत भरल्याची तारीख लागते. चांगले उत्पादक ती मागच्या लेबलवर छापतात, काही जण हाताने लिहितात. दारोझसारखे व्यापारी, जे वेगवेगळ्या शेतांवरून एकेका सालाची पिंपं घेऊन ती न मिसळता विकतात, ते तर शेताचं नावही देतात. तारीख नसेल तर विचारायचं. उत्तर आलं नाही तर ती बारा वर्षांची समजून किंमत ठरवायची. हा माझा नियम, माझ्या खिशातून शिकलेला.

साल नसलेल्या बाटल्यांवर अक्षरं असतात. त्यात फार अडकू नका. व्हीएसओपी म्हणजे मिश्रणातली सगळ्यात तरुण ब्रँडी किमान चार वर्षांची, एक्सओ म्हणजे किमान दहा. "नेपोलियन" हीसुद्धा एक श्रेणीच आहे, किमान सहा वर्षांची. सम्राटाने ती बाटली बघितलेली नसते.

कोन्याक नाही, आर्मन्याक का?

फ्रेंच ब्रँडी म्हटलं की सगळ्यांना कोन्याक आठवतं. एअरपोर्टच्या ड्युटी फ्रीमध्ये झगमगणाऱ्या त्याच बाटल्या. मोठी कोन्याक घराणी वेगवेगळ्या सालांची शेकडो पिंपं एकत्र करतात, कारण त्यांना दरवर्षी हुबेहूब तीच चव हवी असते. त्यात कौशल्य प्रचंड आहे. पण एकाच सालाची, एकाच शेतावरची ब्रँडी तिथे अपवाद, आणि आर्मन्याकमध्ये रोजची गोष्ट. नॉर्मंडीमध्ये सफरचंदाचं कॅल्व्हाडोस बनतं, त्याच्याही जुन्या बाटल्या असतात, पण तो वेगळा भाग करू.

आर्मन्याक गास्कनीत बनतं. थ्री मस्केटियर्समधला दार्तान्यां इथलाच. (तिथे कोंदों नावाचं एक सुंदर जुनं गाव आहे. नकाशावर स्पेलिंग वाचलंत की हसाल, मीही हसलो, गावकऱ्यांना सवय आहे.) १३१० साली व्हिताल द्यु फूर नावाच्या धर्मगुरूने या "जळत्या पाण्याचे" चाळीस गुण लिहून ठेवले, म्हणून ही फ्रान्समधली सगळ्यात जुनी ब्रँडी असं तिथले लोक छाती फुगवून सांगतात. त्याच्या मते ती औषध होती. आजीचं आणि त्याचं जमलं असतं.

फरक भट्टीत आहे. कोन्याक तांब्याच्या मडक्यासारख्या भट्टीतून दोनदा काढतात, आणि दुसऱ्यांदा ते ७० टक्के अल्कोहोलच्या आसपास निघतं. आर्मन्याक बहुतेक वेळा एकदाच, सतत चालणाऱ्या उभ्या भट्टीतून काढतात. वाइन वरून चकत्यांवरून खाली उतरते, वाफ खालून तिच्यातून बुडबुडत वर येते. निघतं ते साधारण ५२ ते ६० टक्क्यांना. केमिकलवाल्या मित्रांनो, तुम्हाला कळलं असेल: एकदाच आणि कमी टक्क्याला काढलं की जड, तेलकट, वासाचे पदार्थ जास्त शिल्लक राहतात. तरुणपणी ते राकट लागतं. पण त्याच पदार्थांमुळे त्याच्याकडे पुढच्या तीस-चाळीस वर्षांत बदलण्यासाठी कच्चा माल जास्त असतो. काही भट्ट्या आजही चाकांवर असतात आणि हिवाळ्यात एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जातात, आपल्याकडे मळणीयंत्र फिरतं तसं.

शेतावर

सहकारी मित्र मला बा-आर्मन्याक भागातल्या एका छोट्या शेतावर घेऊन गेला. मालकीणबाई सत्तरीच्या. मी माझी १९६५ची बाटली अभिमानाने सोबत नेली होती. बाईंनी लेबल बघितलं, उलट करून मागची बाजू बघितली, आणि पहिला प्रश्न केला, "बाटलीत कधी भरली?" मी म्हटलं, १९७८. त्या फक्त "आ," म्हणाल्या आणि आम्हाला कोठारात घेऊन गेल्या.

मातीची जमीन, दमट हवा, भिंतींवर काजळीसारखा काळा थर. ती काजळी नसते, बुरशी असते. उडून जाणाऱ्या अल्कोहोलवर ती जगते. या उडण्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. वर्षाला साधारण २ ते ३ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हे चक्रवाढ आहे. मी तिथेच फोनवर हिशोब केला: ४०० लिटरचं पिंप, चाळीस वर्षं. २ टक्क्यांनी उरतात सुमारे १७८ लिटर, ३ टक्क्यांनी सुमारे ११८. (प्रत्यक्षात अधूनमधून एका पिंपातलं दुसऱ्यात ओतून ते भरलेलं ठेवतात.) म्हणजे जुनी बाटली महाग असते त्यात नखरा किती ते सोडा, पण निम्म्याहून जास्त माल खरोखर छपरातून गेलेला असतो. दमट कोठारात अल्कोहोल जास्त उडतं, त्यामुळे टक्केवारी हळूहळू खाली येते आणि ब्रँडी गोलसर होते. कोरड्या कोठारात पाणी जास्त उडतं, ती टोकदार राहते.

नवीन स्पिरिट आधी नव्या लाकडात ठेवतात, आणि काही काळाने जुन्या, निथळलेल्या पिंपात हलवतात. नाहीतर लाकूड ब्रँडीला खाऊन टाकतं. हे महत्त्वाचं, कारण जास्त जुनी म्हणजे जास्त चांगली हा समज इथेच मोडतो. एका टप्प्यानंतर फळ संपतं आणि फक्त तुरटपणा उरतो, हिरडा चघळल्यासारखा. तो टप्पा प्रत्येक पिंपाचा वेगळा. तो आला असं वाटलं की मालक ब्रँडी मोठ्या काचेच्या बरण्यांत काढून ठेवतात, त्यांना दाम-जान म्हणतात. वेळ तिथे थांबवता येते.

बाईंनी तीन ग्लास ठेवले. एकात माझी १९६५. एकात त्यांची १९९४, आणि एकात १९८५, दोन्ही त्याच महिन्यात पिंपातून बाटलीत भरलेल्या.

नाक, मग जीभ, मग थांबणं

सिनेमातल्या खलनायकाच्या हातात असतो तो फुग्यासारखा मोठा ग्लास विसरा. त्यातून अल्कोहोलची वाफ आधी नाकात जाते आणि बाकी सगळं झाकून टाकते. तळाशी फुगीर, वर निमुळता, ट्यूलिपसारखा छोटा ग्लास घ्यायचा. हाताने किंवा मेणबत्तीवर गरम करायची नाही. पुण्याच्या मे महिन्यात तर उलट थोडं थंड खोलीत बसा. बर्फ नाही, सोडा नाही. आधी पान, पुदिना किंवा झणझणीत मिसळ खाल्ली असेल तर तो दिवस सोडून द्या.

ओतल्यावर दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. खूप वर्षं बंद असलेली असेल तर त्याहून जास्त. मग ग्लास न हलवता छातीपाशी धरायचा आणि हळूहळू वर आणायचा. सगळ्यात हलके वास आधी येतात: फूल, नाशपती, संत्र्याची साल. नाक ग्लासात खुपसलंत तर फक्त झणका मिळेल आणि पुढची पाच मिनिटं वाया जातील. मग एकदा हलकेच फिरवायचा आणि पुन्हा. आता जड वास वर येतात.

माझ्या १९६५मध्ये मला सफरचंद, व्हॅनिला आणि थोडा झणका मिळाला. वाईट मुळीच नव्हती. पण ती तरुण होती, आणि हे मला, ज्याने आयुष्यात कधी आर्मन्याक प्यायलं नव्हतं, त्यालासुद्धा शेजारचा ग्लास हुंगल्यावर कळलं. १९९४मध्ये आलुबुखार होता, दालचिनी होती, अंजिराच्या बर्फीसारखं काहीतरी. आणि १९८५मध्ये एक असा वास होता जो मला ओळखता येईना. अक्रोड? ओल्या पावसाळ्यातली अळंबी? जुनं चामडं?

बाई म्हणाल्या, रान्सिओ.

या शब्दाचा अर्थ शब्दशः खवट. हो, खवट खोबऱ्यातला खवट. दीर्घकाळ लाकडात राहिल्यावर ब्रँडीतल्या स्निग्ध आम्लांचं ऑक्सिडेशन होऊन कीटोन नावाची संयुगं तयार होतात, त्यातून हा वास येतो. खोबरं खवट होतं तेव्हाही रसायन याच घराण्यातलं असतं, फक्त तिथे आपण डबा फेकून देतो आणि इथे लोक त्यासाठी तीस वर्षं वाट बघतात. दहाएक वर्षांनंतर त्याची चाहूल लागते, वीस-पंचवीसनंतर तो स्पष्ट येतो. व्हॅनिला नव्या लाकडातून पटकन मिळतो. रंग कॅरॅमल घालून गडद करता येतो, आणि नियमात त्याला परवानगीही आहे. त्यामुळे गडद रंग बघून वय ठरवू नका. रान्सिओला मात्र शॉर्टकट नाही. जुन्या बाटलीत तुम्ही ज्याचे पैसे देताय, ते हेच.

चव घेताना घोट अगदी लहान, अर्धा चमचा. जिभेवर फिरवायचा, दहा सेकंद ठेवायचा, मग गिळायचा आणि मोजायला लागायचं. गिळल्यावर चव जितके सेकंद टिकते त्याला फ्रेंचांनी एकक दिलंय, कोदाली. एक कोदाली म्हणजे एक सेकंद. (एककं शोधणाऱ्या लोकांबद्दल मला नेहमीच आपुलकी वाटते.) माझी १९६५ पंधरापर्यंत गेली. १९८५ साठच्या पुढे गेल्यावर मी मोजणं सोडलं. जाळ कुठेही नव्हता. चाळीस वर्षांत पिंपातच ती ४३ टक्क्यांवर आली होती, वरून पाणी घातलेलंच नव्हतं. तुमच्याकडे ४८-५० टक्क्यांची असेल तर दोन-चार थेंब पाणी चालतं. जुन्या, आपोआप उतरलेल्या ब्रँडीत घालू नका, ती लगेच पातळ लागते.

घरी आणल्यावर बाटली उभी ठेवा. आडवी ठेवली तर इतकं अल्कोहोल बुचाला खाऊन टाकतं. खूप जुनं बूच तुटतंच, तेव्हा गाळणी हाताशी असू द्या. उघडल्यावर काही महिने छान राहते, पण अर्ध्याच्या खाली गेली की हवा वाढते आणि वास उडू लागतो, तेव्हा मित्रांना बोलवा. परदेशातून येताना माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही.

चिंचवडला

मी १९८५ची बाटली आणली. जन्मसाल नाही जमलं. पण बाबा कारखान्यात टर्नर म्हणून लागले ते साल १९८५.

साठीच्या रात्री पाहुणे गेल्यावर उघडली. मी ग्लास, वेळ, छातीपाशी धरणं, सगळं समजावून सांगत होतो. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोडा नाही का?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला दोन चमचेच दे, घसा धरलाय." बाबांनी एक घोट घेतला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बरी आहे. कडक नाही." माझा चेहरा पडला असावा, कारण ते पुढे म्हणाले, "अरे, चांगली आहे. झोप आता."

शेतावरच्या बाईंनी एक गोष्ट सांगितली होती, ती मी विसरलो होतो. रिकामा ग्लास धुवायचा नाही. रात्रभर तसाच ठेवायचा. अल्कोहोल उडून जातं आणि तळाशी जे उरतं त्याचाच वास सकाळी येतो.

सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरात गेलो तर बाबा चहाचं आधण ठेवून ओट्यापाशी उभे होते. हातात तो ग्लास. धुवायला घेतला असावा. नाकाजवळ धरून ते दोन-तीनदा हुंगत होते.

"बघ रे," म्हणाले, "गावच्या घरी माळ्यावर लाकडी पेटी होती ना आजोबांची, तिचं झाकण उघडल्यावर येतो तसा येतोय."

मी हुंगला. मला अक्रोड आला. ती पेटी मी कधी बघितलेली नाही.

"राहू दे हा इथेच," बाबा म्हणाले, "दुपारी परत बघू."